'सावध रहा' सांगून झालं, आता खरी कामं दाखवा : कौशल्य व रोजगार मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. कौशल्य, रोजगार, उद्योजकता मंत्री,
मंत्रालय, मुंबई

साहेब, नमस्कार.

मी भांडुपला राहते, एका सीएकडची टॅलीची (हिशोबाच्या सॉफ्टवेअरची) एन्ट्री घरून करते, त्यामुळे आमच्या चाळीत वर्क फ्रॉम होम म्हटलं की हिला विचारा असं झालंय. दर दोन दिवसांनी कोणीतरी मोबाईलवर आलेली घरबसल्या कामाची जाहिरात पुढे धरतं, ताई हे खरं आहे का बघा ना. आणि बहुतेक वेळा ते खोटंच असतं.

आधी एक गोष्ट सांगते, कारण तुमच्याकडचे लोक भाषणात "नागरिकांनी लोभाला बळी पडू नये" म्हणतात ना, ते डोक्यात जातं. लोभ कसला हो? एकीची सासू अंथरुणाला खिळलेली, एकीचं पोर बालवाडीत, एकाचा पाय अपघातात गेलाय, ठाण्याहूनच भरून येणाऱ्या स्लो लोकलला लटकून सीएसएमटीला जाणं ह्यांना जमणार कसं. महिन्याला पाच-सहा हजार मिळाले तरी शाळेची फी आणि गॅस निघतो, एवढाच हिशोब असतो.

टेलिग्रामवरची फसवणूक आता बऱ्याच जणांना कळलीय. व्हिडिओ लाईक करा, हॉटेलला रिव्ह्यू द्या, पहिले दीडशे-दोनशे रुपये खरंच येतात, मग "प्रीपेड टास्क", म्हणजे आधी आपणच पैसे भरायचे, मग स्क्रीनवर नुसते वाढत जाणारे आकडे आणि ते काढायचे तर आधी टॅक्स भरा म्हणे. पण फॉर्म भरायच्या कामावर कोणी फारसं बोलतच नाही, आणि आमच्याकडे जास्त बाया त्यातच अडकतात.

शेजारच्या वहिनींचं सांगते. रजिस्ट्रेशन फुकट, म्हणून संशय आला नाही. आधार, फोटो, सही घेतली, स्टॅम्प पेपरचा फोटो असलेलं ॲग्रीमेंट पाठवलं. पाच दिवसांत शेकडो फॉर्म टाइप करायचे, आणि मूळ फॉर्म असे धुरकट की शून्य आहे की ओ तेच कळत नाही. बिचारी रात्री दोन-दोनपर्यंत बसली. सहाव्या दिवशी निरोप, अचूकता कमी पडली, पगार नाही, उलट कंपनीचं नुकसान झालं म्हणून साडेपाच हजार तुम्हीच भरा. मग कोणा वकिलाच्या नावाची नोटीस व्हॉट्सॲपवर, वर तराजूचं चित्र, खाली लाल शिक्का, "२४ तासांत पोलीस घरी येतील". नवऱ्याला सांगायची सोय नाही, भीक नको पण कुत्रं आवर असं होऊन लोक पैसे भरून मोकळे होतात. आणि एकदा भरले की पुढच्या आठवड्यात "केस बंद करायचा चार्ज" मागायला परत फोन येतोच.

करार मोडल्याचा वाद दिवाणी असतो, नुसत्या तेवढ्यासाठी पोलीस अटक करायला येत नाहीत, हे एक वाक्य वहिनींना आधी माहीत असतं तर त्या आठवडाभर जेवायच्या थांबल्या नसत्या. हे एक वाक्य तुमचं खातं पोस्टरवर का छापत नाही?

केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये पार्ट टाइम जॉबच्या नावाने फसवणाऱ्या शंभरहून जास्त वेबसाइट बंद केल्या, चांगलं केलं, पण नाव बदलून नवीन उघडायला कितीसा वेळ लागतो. सायबर फसवणुकीसाठी १९३० ची हेल्पलाइन आहे, लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवता येतात, हेही खरं. पण ते सगळं फसल्यानंतरचं झालं. आणि हल्ली तर कॉलेजच्या पोरांना "पेमेंट प्रोसेसिंगचं काम" म्हणून स्वतःचं बँक खातंच वापरायला द्यायला लावतात, कमिशन मिळतं आणि एक दिवस खातं गोठवलं जातं, वर चौकशी मागे लागते ती वेगळीच.

माझं म्हणणं एकच आहे, खोटं दुकान बंद करत बसण्यापेक्षा खरं दुकान कुठे आहे ते सांगा. तुमचं महास्वयम् हे नोकरीचं पोर्टल आहे, केंद्राचं एनसीएस (नॅशनल करिअर सर्व्हिस) आहे, दोन्हीकडे नोंदणी फुकट, पण आमच्या चाळीत काम शोधायचं म्हटलं की ही नावं कोणाच्या तोंडी येत नाहीत, टेलिग्राम येतं. महास्वयम्वर घरून करायच्या कामांचा वेगळा कप्पा ठळकपणे करा. त्यात ज्याची नोंदणी, जीएसटी आणि पत्ता तुमच्या माणसाने खरोखर तपासलाय तोच मालक येऊ दे, तपासल्याची तारीख टाका, कामाचा दर टाका, आणि तक्रार आली तर त्याला काढलं हेही दिसू द्या.

घरून काम ही मुंबईला नवी गोष्ट नाही हो. १९५९ साली गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केलं. पीठ केंद्रावरून न्यायचं, घरी लाटायचं, पापड परत आणून द्यायचे, तपासून पैसे घ्यायचे. जायला जागा आहे, समोर माणूस आहे. डेटा एन्ट्रीला असं केंद्र वॉर्डात एक का नसावं? माझ्याच कामाचं बघा, मी ऑफिस पाहिलंय, पैसे फर्मच्या खात्यातून येतात, त्यातून कापलेला कर, म्हणजे टीडीएस, आयकर खात्याच्या साइटवर माझ्या नावावर दिसतो. खोटी कंपनी मागे असला माग ठेवत नाही, तिचे पैसे दर वेळी वेगळ्याच कोणाच्या तरी यूपीआयला जातात.

आणि लेडीज डब्यातले ते "घरबसल्या २५ हजार" वाले स्टिकर. रेल्वे तुमच्या खात्यात येत नाही माहितीये, पण रेल्वेला एक पत्र लिहून त्याच जागी महास्वयम्चा क्यूआर कोड, १९३० आणि ते अटकेचं वाक्य, एवढं मराठी-हिंदीत लावता येईल ना? सुरुवात भांडुपच्या तिकीट खिडकीपासून केलीत तरी चालेल, तिथे रांगेत वाचायला भरपूर वेळ मिळतो.

आपली,
भांडुपची एक टॅली ऑपरेटर