नातेपुत्याच्या काकांना, रिंगण दाखवल्याबद्दल

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "ते राहू द्या, आईंचे गुडघे कसे आहेत?" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. पुढच्या आषाढात वारी बघायला निघणाऱ्या कुणाच्या हाती पडलं तर त्याचंही काम होईल. तुमचं नाव लिहीत नाही. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून जन्म काढलेल्या माणसाला निवृत्तीनंतर तरी फोन कमी यावेत.

ओळखीच्या ओळखीतून तुमचा नंबर मिळाला तेव्हा आमचा बेत असा होता: दिवे घाट बघायचा, एक रिंगण, म्हणजे वाटेत वारकरी आणि घोडे धावतात तो सोहळा, बघायचं आणि एकादशीला पंढरपूर गाठायचं. सोबत पंचाहत्तरीची आई आणि दहावीतली मुलगी. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "आईंना उभं किती राहवतं?" मी म्हटलं, एका आरतीपुरतं. "मग घाट टीव्हीवर बघा, तिथनंच छान दिसतो. आणि एकादशी सोडा. एकादशीला देव भेटत नाही, रांग भेटते."

आई जरा हिरमुसली होती, तुम्हाला आता सांगायला हरकत नाही. पण तुम्ही तिला फोनवर घेऊन नीट समजावलंत. देवाचा पलंग काढला, म्हणजे देवाची झोप बंद झाली, की राऊळ रात्रंदिवस उघडं असतं, तरी पदस्पर्शाची रांग गोपाळपूरपर्यंत जाते. इतके दिवस पायी चाललेले कितीतरी वारकरीसुद्धा चंद्रभागेत स्नान करून, नामदेव पायरीला माथा टेकून, कळसाला हात जोडून माघारी फिरतात. "त्यांना तेवढं पुरतं आई, तुम्हाला रिंगण पुरेल." आईला हे पटलं. मी हेच सांगितलं असतं तर पटलं नसतं.

त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात ते मी तेव्हापासून सगळ्यांना सांगत सुटलोय: पालखीच्या मागे धावायचं नाही, ती जिथं येणार तिथं आधी जाऊन बसायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण लोक उलटंच करतात. सकाळी पुण्याहून निघून दुपारी पालखी "गाठायला" बघतात आणि पोलिसांनी वळवलेल्या रस्त्यावर कुठल्या तरी उसाच्या कडेला अडकून पडतात.

जागा कुठली, हेही तुम्हीच ठरवलंत. माऊलींचं पहिलं उभं रिंगण चांदोबाच्या लिंबाला, लोणंद आणि तरडगावच्या मधे. पण ते भर रस्त्यावर. दिंड्या दोन्ही बाजूंना उभ्या आणि मधून घोडे. तिथं बसायची सोय नाही. पहिलं गोल रिंगण पुरंदवड्याला, सदाशिवनगरजवळ, मोकळ्या रानात. तिथं आधी पोचलं तर जमिनीवर बूड टेकता येतं. पुढे खुडूसला, ठाकुरबुवांच्या समाधीपाशी आणि बाजीराव विहिरीलाही रिंगणं होतात, पण जसजसं पंढरपूर जवळ येतं तसतशी गर्दी फुगत जाते. तेव्हा पुरंदवडे, आणि आदली रात्र नातेपुत्यात. झाला बेत!

तारखेचं मात्र तुम्ही चांगलंच घोकून घेतलंत. गेल्या वर्षीचं वेळापत्रक हातात धरून रजा टाकू नका, म्हणालात. वारी तिथीवर चालते. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान, आषाढ शुद्ध दशमीला पंढरपूर. मधे तिथीची वाढ किंवा क्षय झाला की लोणंदचा मुक्काम कमी-जास्त होतो आणि त्यापुढचा प्रत्येक दिवस सरकतो. अधिक महिना आला तर विचारायलाच नको. २०२५ला आषाढी ६ जुलैला होती, २०२६ला अधिक ज्येष्ठामुळे २५ जुलैला. आळंदीचं संस्थान त्या त्या वर्षाचे मुक्काम जाहीर करतं, ते बघूनच रजेचा अर्ज द्यायचा. आमच्या ऑफिसात निम्मे लोक अजून "आषाढी म्हणजे जुलैचा पहिला आठवडा" असंच धरून चालतात.

सामानाच्या यादीतली तुमची बादली आमच्या घरात आता प्रसिद्ध आहे. खुर्ची नको, मागच्याला दिसत नाही आणि मग शब्दाला शब्द वाढतो. रंगाची रिकामी, झाकणवाली बादली आणा. येताना त्यात पाणी, औषधं, पंचा, छत्री. तिथं गेल्यावर झाकण लावायचं आणि आईंनी वर बसायचं. आधी मुलीला लाज वाटत होती. रिंगणाच्या वेळी शेजारच्या आजी "थोडं सरकून मला पण टेकू द्या" म्हणाल्या तेव्हा तीच उठून जागा करून देत होती. फोन लागणार नाहीत, हेही तुम्ही आधीच बजावलं होतंत. त्यामुळे चुकामूक झाली तर भेटायची जागा पोचल्या पोचल्या ठरवली, आणि मुलीच्या खिशात चिठ्ठी. चिठ्ठी वापरावी लागली नाही, पण फोन खरंच लागत नव्हते.

आदल्या संध्याकाळी तुम्ही आम्हाला तळावर, म्हणजे पालखीच्या मुक्कामाच्या जागी, समाज आरतीला पाठवलंत, ते तर आमच्या बेतात कुठेच नव्हतं. पालखी तंबूशी आली, दिंड्या गोलाकार उभ्या राहिल्या, टाळ-मृदंगाचा नुसता कल्लोळ. मग वारीची शिस्त बघणाऱ्या चोपदारांनी दंड वर केला आणि सगळं थांबलं. एका कोपऱ्यात मात्र एका दिंडीचे टाळ वाजतच राहिले. मला वाटलं त्यांना दिसलं नसेल. शेजारचे एक माळकरी म्हणाले, "दिसलंय की. तक्रार आहे त्यांची." चोपदार तिकडे गेले, गाऱ्हाणं ऐकलं, आणि मगच ते टाळ थांबले. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची यादी: एक पिशवी, एक चष्मा, कुणाचं तरी आधार कार्ड. मग आरती. एवढ्या माणसांत तक्रार मांडायची रीत इतकी साधी आणि इतकी ठाम असू शकते, हे बघून मी थक्क झालो. आमच्या सोसायटीच्या सभेला असा एखादा चोपदार हवा.

रात्री तुमच्या अंगणात आलो तर पडवीच्या खांबांना एक्स्टेन्शन बोर्ड लटकलेले आणि खाली सतरंजीवर मोबाइलची रांग. प्रत्येकाला रबरबँडनं चिठ्ठी लावलेली: नाव, गाव, दिंडी नंबर. काकू एका हातानं भाकऱ्या थापत होत्या आणि दुसऱ्या हातानं कुणाचा फोन किती भरला ते बघत होत्या. मी केळी आणि बिस्किटांचे पुडे आणले होते, वाटायला. तुम्ही म्हणालात, "रस्त्यात वाटू नका, निम्मं पायाखाली जातं. दिंडीवाल्यांना विचारा काय हवंय." विचारलं. त्यांना गुडघ्याला चोळायचं मलम हवं होतं आणि पावसात सामान झाकायला प्लास्टिकचा कागद. दोन्ही नातेपुत्याच्या बाजारातच मिळालं.

आणि आईची मामेबहीण! ती दरवर्षी वारीला असते एवढंच आईला माहीत होतं. फोन बंद. तुम्ही म्हणालात, गर्दीत माणूस शोधायचा नसतो, नंबर शोधायचा. रथापुढची अमुक किंवा रथामागची तमुक, हा क्रम ठरलेला; दिंडी आपली जागा सोडत नाही. गावाकडे फोन करून नंबर काढला आणि सकाळी पालखीच्या वाटेवर कडेला उभे राहून पताकांवरचे आकडे वाचत बसलो. रथ गेला, मागच्या दिंड्या सुरू झाल्या, आकडे वाढत गेले, आणि बरोब्बर त्या आकड्यापाशी मावशी डोक्यावर तुळस घेऊन आली. थांबता येत नव्हतं. आईनं तिच्या बरोबरीनं जमेल तेवढी पावलं टाकली, दोघी बोलल्या काय ते मला ऐकू आलं नाही, मग मावशी पुढे गेली. त्यानंतर तुमच्या पुतण्यानं आम्हाला रानातल्या वाटेनं दुचाकींवरून पुरंदवड्याला पोचवलं, तेही पालखीच्या आधी. त्या मुलाचे वेगळे आभार. आई आयुष्यात पहिल्यांदा दुचाकीवर बसली आणि आता "त्यात काय एवढं" म्हणते.

रिंगणाचं मी काय सांगणार तुम्हाला! पण जे कधी गेले नाहीत त्यांच्यासाठी लिहितो. घोडे लगेच पळत नाहीत. आधी पताकावाले धावतात, मग तुळशी घेतलेल्या बाया, मग पखवाजवाले, टाळकरी, विणेकरी. एकेका घोळक्याची फेरी बघता बघता ऊन डोक्यावर येतं. पखवाज गळ्यात अडकवून पळणारे एक आजोबा आमच्या समोरून गेले. पखवाज पोटावर आपटू नये म्हणून एक हात त्याच्यावर आणि चेहरा शाळेच्या शर्यतीतल्या पोरासारखा. मग घोडे. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, दुसऱ्यावर कुणीच नाही, तो माऊलींचा. अंकलीच्या शितोळे सरकारांकडचे हे घोडे बेळगावच्या मुलखातून आळंदीपर्यंत चालत येतात, हे तुम्हीच सांगितलं होतंत. माझ्या मुलीनं व्हिडिओ काढायला फोन वर धरला होता. घोडा समोरून गेला तेव्हा तिनं फोन खाली केला. व्हिडिओत नुसती माती दिसते. घोडे थांबताच लोक टापांखालची माती कपाळाला लावायला धावले. आईला उठायला वेळ लागला, तर बादलीवर अर्धी टेकलेल्या त्या आजींनी आपल्या चिमटीतली अर्धी माती तिच्या कपाळाला लावली.

निघायचं कसं, तेही तुमच्याच शब्दांत: "खेळ संपले की उठू नका. फुगड्या, हुतूतू होऊ द्या, पालखी माळशिरसकडे लागू द्या. मागचा रस्ता आपोआप मोकळा होतो." झाला. फलटणमार्गे रात्री जेवायला घरी होतो.

आता थोडं कामाचं. नागपूरची माझी मेहुणी पुढच्या वर्षी सासूबाईंना घेऊन यायचं म्हणते. तुमचा नंबर तिला दिलेला नाही, विचारल्याशिवाय देणारही नाही. देऊ का ते कळवा. आणि कुरिअरनं दोन एक्स्टेन्शन बोर्ड पाठवतोय, लांब वायरचे, प्रत्येकी सहा सॉकेटवाले. त्या रात्री पडवीतल्या डाव्या खांबावरचा बोर्ड गरम होत होता, तो तेवढा बदलून टाका.

काकूंना आईचा नमस्कार.

आपला,
बादलीवाल्या आजींचा मुलगा