प्लास्टिकचा बेडूक

एक्सेटर,
रविवार, रात्र

प्रिय सुध्या,
सप्रेम नमस्कार.

‘दर रविवारी चिखल तुडवत जातोस, तिथे ठेवलंय तरी काय?’ असं विचारलंयस. या रविवारी तिथे एक बेडूक ठेवला होता.

खरा नव्हे रे! इथे जिओकॅशिंग नावाचा खेळ चालतो. कुणीतरी रानात डबी लपवतो आणि तिचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. आपण ती शोधायची, आतल्या कागदावर नाव-तारीख टाकायची आणि होती तिथेच परत ठेवायची. बक्षीस वगैरे काही नाही. मे २००० मध्ये अमेरिकेच्या सरकारने जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी ओरेगॉनमध्ये डेव्ह अल्मर नावाच्या माणसाने रानात एक बादली ठेवून खेळ सुरू केला. इथल्या डार्टमूर नावाच्या माळरानावरच्या लोकांना मात्र हा नाद त्याच्या कितीतरी आधीचा. १८५४ साली तिथल्या चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट या वाटाड्याने ‘क्रॅनमियर पूल’ नावाच्या डबक्यापाशी एक बाटली ठेवली होती. तिथवर दलदल तुडवत जाणाऱ्याने आपलं कार्ड तिच्यात टाकायचं.

तर आम्ही चॅगफर्डच्याच बाजूला गेलो होतो. वाट सरळ लोकांच्या शेतांतून जाते, पण कुणी ‘ए, कुठं चाललात?’ म्हणून हटकत नाही. पिवळा बाण दिसला की तिथून पायी जायचा सगळ्यांना कायद्याने हक्क. फक्त फाटक मागे लावून घ्यायचं. मेंढ्या तेवढ्या चौकशीच्या नजरेने बघतात.

फोनवरचा बाण जवळ नेऊन सोडतो, पुढे तुझं तू बघ. झाडाखाली तर तो चक्क भरकटतो. शेवटी सईने डबी लपवणाऱ्याने दिलेली सूचना उघडली. ती उलटसुलट अक्षरांत असते, प्रत्येक अक्षर तेरा घरं पुढे सरकवलेलं. सोडवल्यावर निघालं काय, तर ‘मुका घेऊ नये, राजपुत्र निघत नाही.’ मग काय, दगडी बांधाच्या फटीत, नेच्याच्या पानांआड साहेब बसलेले. एका डोळ्याचा रंग उडालेला, डोक्यावर बटणाएवढा मुकुट. उलटा केला तर पोटाला भोक पाडून त्यात नळी बसवलेली. कोल्ड्रिंकची बाटली फुगवायच्या आधी जी जाड, आखूड नळी असते ना, तीच, फिरकीच्या झाकणासकट. आत कागदाची गुंडाळी. तिच्यावर कुणीतरी लिहिलं होतं, ‘बायकोने घेतलाच. काही झालं नाही.’ सई हसून हसून तिथेच बसली.

बेडूक लपवणाऱ्यानेच पुढे फांदीखाली उलटं वटवाघूळ टांगलंय आणि फाटकाच्या लोखंडाला लोहचुंबकाची गोगलगाय चिकटवलीय. दोन डब्यांत निदान १६१ मीटर अंतर हवं असा नियम आहे, त्यामुळे चालणं आपोआप होतं. मधेच एक आजी-आजोबा कुत्र्याला घेऊन आले. न खेळणाऱ्यांना इथे ‘मगल’ म्हणतात. त्यांच्यासमोर डबी काढायची नाही, म्हणून आम्ही दोघेही बुटांच्या नाड्या बांधत बसलो. कुत्रं मात्र थेट गोगलगायीपाशी!

नुसता आकडा वाढवायला दिव्याच्या खांबांना चिकटवलेल्या डब्याही असतात. त्या मी शोधतसुद्धा नाही. त्यात कसली आलीय गंमत?

आता कामाचं. जुन्नरला तुझ्या आंब्यावर एक ठेव ना! सुट्टीत येऊन मी ठेवली असती, पण ठेवून पळालेलं चालत नाही, ठेवणाऱ्याने जवळ राहून देखभाल करावी लागते. खणून पुरायचंही नाही. शेकरू कर, फांदीवर शोभेल. वानरांचा बंदोबस्त तू बघ. बिबट्या मात्र चुकूनही करू नकोस. उसातून नुसतं शेपूट दिसलं तरी गाव गोळा होईल, वनखातं पिंजरा लावील, आणि त्यात शेळी बांधायची ती तुझ्याच गोठ्यातली मागतील.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मध्या