साडेचारची परतीची गाडी

कोल्हापूर,
१७ जून २०२५

चि. ऋतुजा हिस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन ठेवलास तेव्हापासून आई माझ्याशी जेवायला वाढण्यापुरतंच बोलते आहे. म्हणून आधी तेच लिहितो. "आहे ते सोड आणि रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस धरून घरी ये," असं मी म्हणालो ते चुकलं. तू मुंबईला वकिलीच्या ट्रेनिंगला गेली आहेस, काही चैन करायला गेलेली नाहीस. फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर चढत नाही, म्हणून लिहायला बसलोय.

त्या विषयावर काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण एवढं एकच विचारतो. तुमच्या ऑफिसात मदत मागायला आलेल्या त्या बाईचे कागद आणायला भांडुपला तिच्या सासरी गेलात तेव्हा तुमच्या मागं कोण होतं? तू, ती बाई आणि ऑफिसातल्या त्या ताई. तिघीच. जिन्यात चार-पाच पुरुष येऊन उभे राहिले, एकानं दार ओढून घेतलं आणि तुझं बोट चेंगरलं. हे तू मला सांगितलं नाहीस, आईला सांगितलंस. आईनं भाकरी थापता थापता मला सांगितलं, तेही तव्याकडं बघत. बोट कसं आहे आता? नख काळं पडलं असेल तर बर्फ लाव आणि तिथल्या डॉक्टरला दाखव, अंगावर काढू नकोस.

मे महिन्यात जायच्या आधी तूच मला कट्ट्यावर बसवून समजावलं होतंस. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात कलम १९ आहे, मॅजिस्ट्रेट बाईचं स्त्रीधन परत द्यायला सांगू शकतात, पोलीस ठाण्याला मदतीला जा म्हणून हुकूम करू शकतात, आणि बाईच्या बाजूनं धावपळ करायला संरक्षण अधिकारी नेमलेला असतो. मी डायरीत लिहून घेतलंय सगळं. मग हुकूम हातात नसताना तीन बायका त्या दारात का गेल्या? तू म्हणशील, अर्जाचा निकाल साठ दिवसांत लावायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो, आणि इकडं शाळा उघडल्या. पोराचा दाखला, आधार कार्ड, रेशनकार्ड सगळं त्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत. साठ दिवस पोरगं शाळेबाहेर ठेवायचं काय? यावर मला उत्तर सुचलं नाही. रात्री गच्चीवर फेऱ्या मारताना बराच विचार केला, तरी सुचलं नाही.

पण पोरी, काही झालं असतं तर? तू तिथं शिकायला गेली आहेस. अजून दुसरंच वर्ष संपलंय, वकिलीची सनद मिळायला वेळ आहे. एकोणतीस वर्षं एसटीत काढली मी. नवीन वाहकाला मी पहिलं हेच सांगतो, की अनोळखी गावात मुक्कामी गाडी घेऊन गेलास तर आधी परतीची वेळ आणि डेपोचा नंबर पाठ कर, मग चहा घे. तसंच तुमचं पाहिजे. कुणाच्या दारात जायचं असेल तर आधी खाली कोण थांबणार, फोन कुणाकडं, रिक्षा कुठं उभी, जवळचं पोलीस ठाणं कुठलं हे ठरलेलं पाहिजे. आपल्या माणसाला सांगून गेलं पाहिजे. आणि ज्याच्या डोक्यात राग आहे त्याच्याशी उंबऱ्यावर वाद घालायचा नसतो. तू घालतेस, मला माहीत आहे.

बघ, सुरू झालं माझं. माफ कर.

तू घालतेस हे मला २०२२ पासून माहीत आहे. त्या जूनमध्ये आक्काचा, माझ्या बहिणीचा, नवरा गेल्याची बातमी आली. ज्या माणसाचं पंचवीस वर्षं तोंड बघितलं नव्हतं, त्याच्या नावानं गल्लीतल्या चार बायका कुंकू पुसायला, बांगड्या फोडायला आपल्या दारात आल्या. आई गप्प, मी गप्प, आक्का चुलीपाशी बसलेली. आणि तू, बारावीची पोर, दोन्ही हात चौकटीला लावून दारात उभी राहिलीस. हातात पेपरचं कात्रण. "शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं ४ मेला ठराव केलाय, विधवेचं कुंकू पुसायचं नाही, मंगळसूत्र तोडायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, जोडवी काढायची नाहीत. सरकारनं पण परिपत्रक काढलंय. काकू, तुम्ही चहा घ्या आणि जावा." अगदी असंच म्हणालीस. तरी एकजण आत सरकायला बघत होती, तू हात काढला नाहीस. चहा घेऊन गेल्या त्या. शाहू महाराजांना जाऊन शंभर वर्षं झाली त्याच आठवड्यात हेरवाडनं ते केलं होतं, आणि महिन्याभरात ते आपल्या घरात आलं, ते तुझ्यामुळं. मी तेव्हा तुला काहीच बोललो नाही. दुसऱ्या दिवशी डेपोत मात्र सगळ्यांना सांगितलं. दोनदा सांगितलं.

आता तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं. खरं तर त्यासाठीच हे पत्र आहे.

मागच्या महिन्यात तू विचारलंस, "पप्पा, आक्काचा डावा कान कशानं गेला?" मी म्हणालो, लहानपणी फुटला होता. खोटं बोललो. तू रोज तिथं बायकांची बयाणं लिहून घेतेस, तुला कळलंच असणार. तू काही म्हणाली नाहीस, नुसतं "बरं" म्हणालीस. ते "बरं" माझ्या मनातून जात नाही.

१९९६ साल. आक्का लग्नानंतर तिसऱ्यांदा माघारी आली होती. पाठीवर वळ होते ते आज्जीनं बघितले, मी बघितले नाहीत, मला दाखवले नाहीत. घरात बैठक बसली. तिकडून चौघे, आपल्याकडून आज्जा, मामा, गावचे दोघे. भिंतीवर शाहू महाराजांचा फोटो होता, तो अजून आहे, पुढच्या खोलीत तुझ्या बक्षिसांच्या कपाटावर. १९१७ साली विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा केला, १९१९ साली बायकांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला, त्या राजाच्या फोटोखाली बसून आम्ही ठरवलं की पोरगीनं समजून घ्यावं. सासरच्या छळाविरुद्धचं कलम ४९८ अ तेव्हाही होतंच, १९८३ पासून होतं. कुणाला माहीत नव्हतं असं नाही. मामा म्हणाले, "दाल्ल्याला जेलात घातल्यावर पोरगी नांदणार कुठं?" त्यावर कुणाकडंच बोलायला काही नव्हतं, कारण जेल किंवा नांदणं, एवढंच आम्हाला दिसत होतं. राहत्या घरातून बाहेर काढू नका, खर्चाला पैसे द्या, हात उचलू नका, असा हुकूम नुसत्या अर्जावर मिळू शकतो हे तुझ्या कायद्यानं नंतर केलं. तू कलमं सांगत होतीस तेव्हा मी सारखा लिहितच राहिलो, मान वर केली नाही, आठवतंय? त्याचं कारण हे.

तिला पोचवायला मला पाठवलं. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. रजा टाकली. गारगोटीची गाडी. माझ्याकडं पास होता, तिचं तिकीट काढलं. ते तिनं घडी घालून बांगडीत अडकवलं. कळंबा गेलं, इस्पुर्ली गेलं, बिद्री गेलं, एक शब्द बोलली नाही. खिडकीची गजं धरून बसली होती. मुदाळ तिट्ट्याला उतरलो तेव्हा तिनं विचारलं, "परतीची किती वाजता हाय रं?" मी म्हणालो, साडेचारला. मला वाटलं माझी काळजी म्हणून विचारते. दारापर्यंत नेलं. तिची सासू म्हणाली, "या आत." मी उंबरा ओलांडला नाही, चहा घेतला नाही. मला वाटलं चहा न घेऊन मी त्यांना काहीतरी दाखवलं. पिशवी तिच्या हातात दिली आणि मागं फिरलो. साडेचारची गाडी पकडली. मित्रच वाहक होता, त्यानं डबल बेल दिली, गाडी निघाली. ती का विचारत होती ते मला त्यानंतर दीड वर्षानं कळलं. दिवाळीच्या आधी ती पहाटे एकटी चालत तिट्ट्यापर्यंत आली आणि पहिल्या गाडीनं कोल्हापूरला उतरली, तेव्हा. डाव्या बाजूनं हाक मारली तर वळेना. डॉक्टर म्हणाले पडदा फाटलाय, फार दिवस झाले. कशानं ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

त्यानंतर तिला कुणी परत पाठवलं नाही. एवढंच आम्ही केलं. बाकीचं तिनंच केलं. शिलाई मशीन घेतली, गल्लीतल्या सगळ्या पोरींचे शाळेचे गणवेश तिनं शिवले, तुझे पण. तू झालीस तेव्हा तिनं पेढे वाटले. लोक म्हणाले, पोरगी झाल्यावर बर्फी वाटतात. ती म्हणाली, "पेढेच वाटणार." आपल्या जिल्ह्यात तेव्हा हजार मुलग्यांमागं साडेआठशेसुद्धा मुली नव्हत्या, २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या ८३९ भरल्या होत्या. तिला आकडा माहीत नव्हता. आपल्या गल्लीत पोरी किती कमी खेळतात एवढं तिला दिसत होतं.

म्हणून तू कुणाच्या दारात उभी आहेस असं कळलं की मला ते दार दिसतं. मी रागानं बोललो, पण तो राग नव्हता. त्या बाईच्या मागं तू उभी होतीस. आक्काच्या मागं मी होतो आणि मी मागं फिरलो. हे कळून सुद्धा मला वाटतं की तू त्या दारात जाऊ नयेस. दोन्ही एकदम वाटतं. यातलं कुठलं खोटं आहे ते मला सांगता येत नाही.

आई म्हणाली सोमवारी पुन्हा जायचं ठरतंय. जा. पण ऑफिसात विचार, संरक्षण अधिकाऱ्यांना कळवलंय का, पोलीस ठाण्यात अर्जाची पोच घेतली का. पाच माणसं जा, त्यात एक तरी पुरुष किंवा शिपाई असू दे. तू सगळ्यात पुढं उभी राहू नकोस, दाराच्या बिजागरीकडं हात ठेवू नकोस. पायात चप्पल नको, बूट घाल, जिना उतरताना सुटसुटीत. निघताना आणि खाली आल्यावर मिस्ड कॉल दे, मी ड्युटीवर असलो तरी बघतो. आणि तुमच्या ऑफिसात कुणी तुझ्याशी वेडंवाकडं वागलं तर २०१३ चा कायदा ट्रेनिंगच्या पोरींनाही लागू आहे हे तू मला सांगितलंस, मी तुला परत सांगतोय, राहवत नाही म्हणून.

२६ तारखेला शाहू जयंती आहे. तू दरवर्षी मिरवणुकीला माझ्याबरोबर दसरा चौकात असतेस, या वर्षी नसशील. फेटा मी एकटाच बांधीन.

भडंग आणि खर्डा पाठवतोय, तुळशीदास काका शुक्रवारी मुंबईला निघालेत, दादरला होस्टेलवर आणून देतील. डब्यात वर एक पाकीट आहे, ते आक्कानं दिलंय, किती आहेत ते मी मोजले नाहीत. मी हे पत्र लिहितोय हे तिला सांगितलं. ती म्हणाली, "सगळं लिही, तिला कळू दे. आणि तिला म्हणावं मला फोन कर, तू मधी बोलू नको." तर शनिवारी संध्याकाळी सातनंतर कर. मी फोन तिच्या उजव्या कानाला लावून देतो आणि बाहेर जाऊन बसतो.

तुझा,
पप्पा