किल्लीची गोष्ट

चि. माईस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू त्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वरून चिडली होतीस, ज्यात फ्रोडो ती सत्तेची अंगठी ज्वालामुखीच्या आगीत टाकून नष्ट करायला निघतो. "आप्पा, एवढी हजारभर पानं जीव तोडून चालला आणि ऐन कड्यावर फ्रोडो म्हणतो, अंगठी माझी! मग तो हिरो कसला?" तेव्हा केळी भरायला गाडी आली होती, म्हणून नीट बोलता आलं नाही.

तू ठेवून गेलेले टोल्किनच्या त्या कादंबरीचे तिन्ही भाग मी शब्दकोश जवळ घेऊन वाचले. ती अंगठी प्रत्येकाला त्याच्याच चांगल्या इच्छेत पकडते. फ्रोडोच्या सोबतच्या बोरोमीर या योद्ध्याला आपलं शहर वाचवायचं असतं. गँडाल्फ हा जादूगार तर तिला घ्यायलाच नकार देतो, कारण दुबळ्यांची दया हीच तिची आपल्यापर्यंतची वाट आहे हे त्याला कळतं. आणि फ्रोडोचा सोबती सॅम! माळीच तो, त्याला ती शत्रूच्या मुलखाचं, मॉर्डोरचं, ओसाड रान फुललेलं दाखवते, त्याच्या हुकमानं. तो म्हणतो, मला माझ्या हातांनी होईल तेवढी बाग पुरे. त्या पानावर मी बराच वेळ थांबलो.

आजी सांगायची तो नहुष आठवतो? इंद्र लपून बसला तेव्हा चांगला राजा म्हणून देवांनीच त्याला गादीवर बसवलं. पुढे त्याला इंद्राणी हवी झाली, पालखीला ऋषी जुंपले, 'सर्प, सर्प' म्हणजे 'चला, चला' म्हणत अगस्तींना लाथ मारली आणि स्वतःच अजगर झाला. लहानपणी मला त्या लाथेचंच नवल वाटायचं. आता वाटतं, लाथ फार उशिराची. पालखीत पहिल्यांदा बसताना त्याला काय वाटलं असेल?

मला ते माहीत आहे. तू सातवीत होतीस, तेव्हा आपल्या उपसा सिंचनाच्या पंपाची किल्ली माझ्याकडे होती. पहिल्याच वर्षी मी एका विधवा बाईची पाण्याची पाळी इतरांच्या आधी लावली. ठरलेला क्रम मोडला, पण गावानं वाखाणलं. मग कुणाची अडचण खरी, कुणाची खोटी, हे मीच ठरवू लागलो. लोक सकाळी ओट्यावर येऊन बसायचे. तुझी आई चहा करून थकायची. मला मात्र ते बसणं आवडायला लागलं होतं, माई. आधी चहा संपवायचा, मग पाण्याचं बोलायचं.

मे महिन्यात पारा 45 वर होता आणि मृगबागांचे, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या केळीचे, घड भरत होते. एका शेजाऱ्यानं बैठकीत माझ्या हिशेबावर बोट ठेवलं होतं. त्याची पाळी मी चार दिवस पुढे ढकलली. मोटार तापते, हे कारण सांगितलं. मोटार खरंच तापत होती, म्हणून मला ते खोटंही वाटलं नाही. त्याचे घड सटकले. सकाळी बांधावरून मी ते जमिनीवर पडलेले पाहिले आणि तरीही किल्ली खिशातच ठेवली.

वार्षिक सभेत लोकांनी हात वर करून ती काढून घेतली. मी स्वतः दिली नाही. म्हणून फ्रोडोवर मला राग धरता येत नाही. अंगठीमागे लागलेल्या गॉलमनं त्याचं बोट चावून तोडलं, तेव्हाच त्याचीही अंगठी सुटली आणि गॉलमसकट आगीत पडली. खरं तर पूर्वी फ्रोडोनं याच गॉलमला जिवंत सोडलं होतं, तीच दया शेवटी कामी आली.

आता तू वसतिगृहाची प्रतिनिधी झालीस. "खोल्या मीच वाटणार, कुणावर अन्याय होऊ देणार नाही," असं म्हणालीस. 'मीच' हा शब्द ऐकून मला ते ओट्यावरचे चहाचे कप दिसले. खोल्यांची यादी आधी सूचनाफलकावर लाव. आणि तुझ्या हिशेबावर बोट ठेवणारी एखादी मुलगी असेल, तर तिच्या हातात वही दे.

त्या शेजाऱ्याशी मी अजून त्या चार दिवसांबद्दल बोललेलो नाही. मागच्या आठवड्यात विषय काढायला गेलो, तर तो उठून स्टार्टर टाकायला निघून गेला. दिवाळीला आलीस की आपण दोघं त्याच्याकडे जाऊ. तू नुसती शेजारी बस.

तुझे आप्पा