कॉफी भाजण्याआधी कोल्हापूरकराला विचारा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारी मुलीच्या हट्टापायी राजारामपुरीत एका चेनच्या कॅफेत गेलो. कॉफी एवढी कडू की दोन घोटांत कप बाजूला ठेवला, काउंटरवरच्या पोराला विचारलं कमी भाजलेली काही मिळेल का, तर म्हणाला सर आमचा रोस्ट सगळीकडं एकच असतो, साखर देऊ का. पोराची चूक नाही, पण हे उत्तर मला पटलं नाही.

कारण स्टारबक्ससारख्या बड्या चेननं सुद्धा आमची कॉफी अशीच असते म्हणून हात वर केले नाहीत. अमेरिकेतले ४० टक्के कॉफी पिणारे हलका रोस्ट पसंत करतात असा त्यांचा स्वतःचाच अंदाज होता, मग २०१२ मध्ये तिथं ब्लॉन्ड रोस्ट नावाची कमी भाजलेली कॉफी आणली. भाजताना कॉफीची बी साधारण १९६ अंश सेल्सिअसला पहिल्यांदा तडतडते, त्याच्या जरा पुढं थांबलं तर आंबटसर, फळासारखी चव राहते, आणि दुसऱ्यांदा तडतडेपर्यंत नेलं की तेल वर येतं नि कडूपणा चढतो. सगळा मिनिटा-दोन मिनिटांचा फरक! शिवाय कॉफीच्या दोन जातींपैकी वासाला अरेबिका किती, दाटपणाला रोबस्टा किती, हे आलंच.

आपल्याकडं चटणीचं हेच तर असतं. ब्याडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, खोबरं किती भाजायचं ते घरागणिक वेगळं, आमची आई तर कांडपावर स्वतः उभी राहून वास घेऊन सांगायची. त्यात आमचं दूध म्हशीचं, गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण पिणारी माणसं आम्ही, असल्या दाट दुधात फार हलका रोस्ट हरवून जातो नि फार काळा केला की नुसता कडवटपणा उरतो, म्हणून मला वाटतं इथं मध्यम रोस्टच चालेल.

पण कॅफेवाल्यांनो, माझ्या वाटण्यावर जाऊ नका, विचारून बघा. दोन शनिवार-रविवार तीन रोस्ट छोट्या कपात ठेवा, विद्यापीठातली पोरं, गुजरीतले व्यापारी, रंकाळ्यावर फिरून येणारे आजोबा, सगळ्यांना चाखायला द्या नि लिहून घ्या. देशातली जवळपास ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते, ते राज्य आम्हाला कागलच्या पुढंच लागतं, तेव्हा माल लांबचा ही सबब नको. आणि एक, कॉफीत मिसळतात ती चिकोरी (एका मुळाची भाजलेली पूड) किती हे पाकिटावर छापावंच लागतं, मग कपात देताना बोर्डावर लिहायला काय हरकत आहे? भाजल्याची तारीखही लिहा.

असं कुणी केलंच तर पहिल्या दिवशी मी नि मुलगी हजर.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर