कॅम्डेनचे काय चुकले?

लंडनमधील डॉ. आंबेडकरांच्या घराविषयीचा रविवारच्या पुरवणीतला लेख वाचला. तिथल्या कॅम्डेन बरो कौन्सिलने (स्थानिक पालिकेने) आकसाने या घराच्या संग्रहालयाला खोडा घातला, हा त्यातला सूर पटला नाही. राहत्या घराचे संग्रहालय करायला तिथे कौन्सिलची परवानगी लागते, मालक महाराष्ट्र सरकार का असेना! आपण 2015 मध्ये घर घेतले, त्याच वर्षी उद्घाटन उरकले आणि अर्ज केला 2018 मध्ये. बसभरून माणसे येतात, गोंगाट होतो, अशी शेजाऱ्यांची तक्रार होती. परवानगी नाकारली गेली, अपिलात सुनावणी झाली, मार्च 2020 मध्ये ब्रिटनच्या मंत्र्यांनी ती दिली. आकसाचेच म्हणाल, तर 1965 मध्ये कॅम्डेनमध्ये विलीन झालेल्या सेंट पँक्रस बरोचे कृष्ण मेनन (पुढे भारताचे संरक्षणमंत्री) 1934 ते 1947 नगरसेवक होते; म्हणजे एका भारतीयाला तिथल्याच मतदारांनी निवडून दिले होते.

– एक वाचक, दादर