बल कोण लावतंय, ते आधी विचार

सांगली

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

मुक्ताच्या फिजिक्सच्या वहीचे फोटो काल रात्री निवांत बघितले. सूत्रं तोंडपाठ आहेत, पण गणित समोर आलं की पोरगी अडते, असं तू काळजीनं लिहिलंयस. वही बघून मला तेवढी काळजी वाटली नाही. तिची आकडेमोड स्वच्छ आहे, एककं चुकत नाहीत. अडतंय ते आकडेमोडीच्या आधी. पानापानावर पहिली ओळ तीच, ‘बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण’, आणि लगेच दिलेले आकडे त्यात भरलेले. चित्र एकाही गणिताला नाही.

तिचंच लिफ्टचं गणित घे. ६० किलोचा माणूस लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभा आहे. लिफ्ट दर सेकंदाला २ मीटर प्रति सेकंद या त्वरणानं वर निघाली, तर काटा माणसाला किती बलानं वर रेटतो? मुक्तानं ६० ला २ नं गुणलं आणि १२० न्यूटन लिहिलं. हे १२० खरंच आहेत, पण ते सगळी बलं मिळून उरलेलं निव्वळ बल आहे. विचारलंय एकट्या काट्याचं.

तिला म्हणावं, माणसाच्या जागी वहीत एक टिंब काढ आणि एकच प्रश्न विचार: याला कोण ढकलतंय, कोण ओढतंय? पायाखालून काटा ढकलतो. न शिवता पृथ्वी ओढते. तिसरं कुणी नाही. लिफ्टचा दोर माणसाला शिवतसुद्धा नाही, म्हणून तो या चित्रात येत नाही. आता दोन बाण काढायचे. पृथ्वीचा खाली, ६० गुणिले ९.८, म्हणजे ५८८ न्यूटन. काट्याचा वर, तो अजून माहीत नाही. वरच्यातून खालचा वजा केला की १२० उरले पाहिजेत, म्हणजे काटा ७०८ न्यूटननं रेटतोय. किलोत छापलेल्या काट्यावर तेव्हा ७२ च्या आसपास दिसेल. वर निघालेल्या लिफ्टमध्ये पाय जड का होतात, ते इथं आकड्यात सापडतं.

ज्या बाणाचा कर्ता सांगता येत नाही, तो बाण खोडायचा. बरीच मुलं वस्तुमान गुणिले त्वरण याचाच एक वेगळा बाण काढतात. तो कुणी लावलेला नसतो. बलांची बेरीज डावीकडे मांडली की ती समीकरणाची उजवी बाजू आहे, तिचं काम तिथंच.

पुढची अडचण जास्त खोल आहे. लिफ्ट एकसारख्या वेगानं वर जात असेल तर काटा पुन्हा ५८८ न्यूटननंच रेटतो, हे मुलांना पटत नाही. वर जातेय म्हणजे वरचं बल जास्त असणारच, असं मन म्हणतं. अ‍ॅरिस्टॉटलपासून जवळजवळ दोन हजार वर्षं जाणती माणसंही याच धर्तीवर विचार करत होती. गॅलिलिओनं ते मोडायला घेतलं आणि १६८७ साली न्यूटननं नियमात बसवलं. १९९२ साली अमेरिकेत भौतिकशास्त्राचा प्राध्यापक हेस्टेनिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आकडेमोड अजिबात नसलेली एक चाचणी प्रसिद्ध केली. न्यूमेरिकल्स बिनचूक सोडवणारे कॉलेजचे विद्यार्थीही तीत जुन्याच समजुतीनं उत्तरं देताना आढळले. तेव्हा सोळा वर्षांच्या मुलीला हे जड गेलं तर तिला ‘ढ’ म्हणू नकोस, सुधीर. मनापासून सांगतो.

तुम्ही डोंबिवलीहून पुण्याला येता तेव्हा तिला घाट दाखव. कर्जतला बऱ्याच गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिनं, म्हणजे बँकर, लागतात, कारण बोरघाटात चढ ३७ ला १ आहे, म्हणजे ३७ मीटरला १ मीटर वर. इंजिनांसकट हजार टनाची गाडी धर. तिला उताराच्या दिशेनं मागे खेचणारा वजनाचा हिस्सा येतो १० लाख किलो गुणिले ९.८ भागिले ३७, म्हणजे साधारण २ लाख ६५ हजार न्यूटन. गाडी एकाच वेगानं चढत असेल, तर वरच्या दिशेचं बल बरोबर तेवढंच आणि वाटेतल्या अडथळ्यांपुरतं आणखी थोडं. निव्वळ बल शून्य, तरी गाडी चढते, कारण ती आधीच चालू आहे. वेग टिकवायला शिल्लक बल लागत नाही, वाढवायला लागतं.

इथं कर्त्याचा प्रश्न पुन्हा विचारायला लाव. अख्खी गाडी मिळून एक टिंब धरलं, तर तिला वर कोण ढकलतं? मुलं म्हणतील, इंजिन. पण इंजिन तर त्या टिंबाच्या आत आलं! बाहेरून ढकलतो तो रूळ. इंजिनाचं चाक रुळाला मागे रेटतं, रूळ घर्षणानं चाकाला पुढे रेटतो. म्हणूनच रूळ ओले झाले की इंजिनातून चाकापुढे वाळू सोडतात. मला हे वर्गात सांगताना दरवर्षी तितकाच आनंद होतो.

कप्पीचं गणित तिनं बरोबर सोडवलंय: कप्पीवरच्या दोरीच्या दोन टोकांना ३ आणि २ किलोची वजनं, त्वरण १.९६, दोरीतला ताण २३.५ न्यूटन. तिथं फक्त एक सवय लावायची, आकडे घालण्याआधी अंदाज. २ किलोचं वजन वर चाललंय, म्हणजे ताण त्याच्या १९.६ पेक्षा जास्त. ३ किलोचं खाली येतंय, म्हणजे २९.४ पेक्षा कमी. उत्तर या दोहोंच्या बाहेर गेलं, तर पुस्तकातलं उत्तर न बघता तिचं तिलाच कळेल. क्लासमध्ये एका तासात दहा-दहा गणितं उरकतात, तिथं याला वेळ मिळत नाही, आणि मला ते फार खटकतं. रोज दोनच गणितं सोडवू दे, पण चित्रासकट.

सध्या तिला एवढंच दे. ट्रकच्या हौद्यात एक पेटी आहे. सिग्नल सुटतो, ट्रक वेग घेतो, पेटी जागची घसरत नाही. पेटीवर घर्षण कोणत्या दिशेला, आणि ते कोण लावतंय? फोनवर उत्तर नको, टिंब आणि बाण काढून फोटो पाठव म्हणावं. तूही काढून बघ, पण तिला दाखवू नकोस.

वहिनींना नमस्कार, मुक्ताला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश